वहीतला ग्राहक आणि मोबाईलमधले दुकान

व्यापार हा मुळात बोलण्याचा व्यवसाय आहे, असे आमचे वडील म्हणत असत. पेठेतील चार दुकानांत माल बहुधा सारखाच असतो, भावातही फारसे अंतर नसते; तरीही ग्राहक पुन्हा पुन्हा एकाच दुकानाची पायरी चढतो, कारण तेथे कोणीतरी त्याला नावानिशी ओळखून ‘या, बसा’ म्हणालेले असते. आज हेच बोलणे दुकानाच्या गादीवरून हातातल्या मोबाईलमध्ये गेले आहे. त्यामुळे आपल्या समाजातील अनेक व्यापारी घरांत एकच वाद वेगवेगळ्या शब्दांत ऐकू येतो. वडील म्हणतात, ‘मोबाईलवर धंदा होत नाही.’ मुलगा म्हणतो, ‘मोबाईलशिवाय धंदा राहणार नाही.’

हा वाद आमच्याही घरात झाला. मी ३७ वर्षे एका राष्ट्रीयीकृत बँकेत नोकरी केली आणि अधिकारी म्हणून निवृत्त झालो. समाजमाध्यमांचा मी तज्ज्ञ नाही. परंतु शेकडो व्यापाऱ्यांची स्टॉक स्टेटमेंट आणि ताळेबंद तपासण्यात माझे आयुष्य गेले, आणि त्या सवयीचा आमच्या घरच्या दुकानाला काही उपयोग झाला. तो अनुभव, त्यातील माझ्या स्वतःच्या चुकीसह, सुज्ञ वाचकांपुढे ठेवीत आहे.

एका दुकानाची कथा

तालुक्याच्या गावी मुख्य पेठेत आमचे वडिलोपार्जित भांड्यांचे दुकान आहे. वडिलांच्या पश्चात माझे ज्येष्ठ बंधू, ज्यांना सारी पेठ ‘अण्णा’ म्हणते, विसाव्या वर्षीच गादीवर बसले. त्यांनी दुकान सांभाळले म्हणून मी एम.कॉम. होऊ शकलो, ही जाणीव मला नेहमीच आहे.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली ती नेमकी लग्नसराईच्या तोंडावर. पुढे दुकाने उघडली, पण लोकांच्या सवयी बदललेल्या होत्या. घरबसल्या कुकर आणि कढई मागवण्याची सोय गावोगावी पोहोचली होती. ‘लोक परत येतील’ असे अण्णा दोन वर्षे म्हणत राहिले. २०२२ च्या दिवाळीनंतर त्यांनी मला बँकेचे खाते पाहायला बोलावले. कॅश क्रेडिटची मर्यादा जवळजवळ पूर्ण वापरलेली, खात्यात जमा होणाऱ्या रकमा रोडावलेल्या आणि शिल्लक माल मात्र वाढलेला. असे खाते बँकेत समोर आले असते, तर मी त्यावर काय शेरा मारला असता, हे मला पक्के ठाऊक होते. अण्णांनी सत्तरी ओलांडली होती, एका कानाने कमी ऐकू येऊ लागले होते. गाळा भाड्याने देऊन निवांत व्हावे, हा विचार घरात प्रथमच उघडपणे बोलला गेला.

त्याच सुमारास पुण्यातील नोकरी सोडून पुतण्या घरी परतला होता. त्याने इन्स्टाग्रामवर दुकानाचे खाते उघडले, दिवे लावून चित्रफिती केल्या, त्यांवर चित्रपटांची गाणी चढवली आणि पैसे भरून जाहिरातीही दिल्या. चार महिन्यांत अठरा हजार रुपये खर्च झाले. चित्रफिती हजारो लोकांनी पाहिल्या. चौकशा आल्या त्या मात्र दूरदूरच्या शहरांतून. चारशे रुपयांच्या कढईसाठी कुरियरचाच खर्च डोईजड व्हावा, अशा.

“टाळ्या गल्ल्यात पडत नाहीत,” अण्णा म्हणाले.

“आणि गिऱ्हाईकच पायरी चढलं नाही तर गल्ला तरी कशाला हवा?” पुतण्याने उलट विचारले.

दोघांचेही अर्धे अर्धे खरे होते. मी दोघांकडे एकच गोष्ट मागितली: गेल्या तीन वर्षांची बिलबुके आणि उधारीची वही.

जाहिरातीआधी वही

आठ दिवस मी त्या कागदांत बसलो. कर्ज मंजूर करण्यापूर्वी आम्ही व्यापाऱ्याला विचारत असू, ‘तुमचा ग्राहक कोण?’ आश्चर्य असे, की तीस-तीस वर्षे दुकान चालवणारेही या प्रश्नाला ‘सगळेच’ असे उत्तर देत. आमच्या बिलबुकांनी अधिक नेमके उत्तर दिले. दुकानाचे ग्राहक ठळकपणे चार प्रकारचे होते. पहिला, आहेराची आणि संसाराची भांडी घेणारी लग्नघरे. दुसरा, आचारी, मंडपवाले आणि खानावळी. तिसरा, पूजेची आणि मंदिराची उपकरणे घेणारे. चौथा, दिवाळीला आणि सणासुदीला येणारी जुनी कुटुंबे. यांतील बहुतेक सर्वजण दुकानापासून तीसेक किलोमीटरच्या आतले होते.

पुतण्याच्या जाहिरातीतील दोष येथेच सापडला. जाहिरात देताना ती कोणत्या परिसरात दिसावी, हे निवडण्याची सोय असते. त्याने साऱ्या राज्यासाठी ती खुली ठेवली होती. शिवाय आचारी आणि नववधूची आई या दोघांनाही एकच चित्रफीत दाखवली जात होती. आचाऱ्याला पातेल्याच्या तळाची जाडी हवी असते, तर आईला डब्यांचा संच कपाटात कसा बसेल हे पाहायचे असते. दोघांशी एकच बोलणे हे दोघांशीही न बोलण्यासारखेच आहे.

परंतु सर्वांत मोलाची गोष्ट वहीतही नव्हती. मी एखादे नाव वाचले की अण्णा डोळे मिटून सांगत, “यांच्या थोरलीचं लग्न आपल्या भांड्यांवर झालं, धाकटीचं येत्या वैशाखात आहे. हे गृहस्थ दिवाळीला तांब्याची एक वस्तू घेतातच. आणि हा आचारी हप्त्याने देतो, पण बुडवत नाही.” मोठ्या कंपन्या ज्या माहितीसाठी अमाप पैसा ओततात, ती हीच. आमच्याकडे ती एका सत्तरीच्या माणसाच्या स्मरणात होती आणि तिची दुसरी प्रत नव्हती. बँकेत ज्या दप्तराची दुसरी प्रत नसते, त्याच्या काळजीने अधिकाऱ्याला झोप लागत नाही.

म्हणून आम्ही ठरवले, की महिनाभर रोज सायंकाळी, सूर्यास्तापूर्वीचे भोजन आटोपल्यावर, अण्णा सांगतील आणि पुतण्या लिहून घेईल. नाव, गाव, कोणत्या प्रसंगी काय घेतले, पुढे काय लागेल. अण्णांना कमी ऐकू येत असल्याने पुतण्याला जवळ बसावे लागे, सावकाश बोलावे लागे. त्या महिन्यात बापलेक जेवढे बोलले, तेवढे मागच्या पाच वर्षांत बोलले नसतील. प्रत्येक व्यापारी घराला माझे पहिले सांगणे हेच आहे, की कोणतेही नवे खाते उघडण्यापूर्वी ही यादी करा. घरातील वडीलधारे आहेत तोवरच ती होऊ शकते.

कोणते साधन कशासाठी?

समाजमाध्यमे अनेक आहेत, पण छोट्या दुकानाला सर्वांच्या मागे धावण्याचे कारण नाही. आम्ही तीनच साधने ठेवली आणि प्रत्येकाला एकच काम नेमून दिले.

पहिले गूगलवरील व्यवसायाची नोंद, जिला ‘गूगल बिझनेस प्रोफाइल’ म्हणतात. परगावचा माणूस ‘जवळचे भांड्यांचे दुकान’ असे शोधतो, तेव्हा नकाशावर आपले नाव, फोन क्रमांक, वेळ आणि छायाचित्रे दिसतात ती या नोंदीमुळे. ही नोंद विनामूल्य असते. ‘तुमची नोंद बंद होणार आहे, इतके पैसे भरा’ असा फोन आला तर तो फसवणुकीचा समजावा. नोंदीत दुकानाची साप्ताहिक सुट्टी आणि सणांच्या दिवशीच्या वेळा अचूक ठेवाव्यात. नकाशा पाहून वीस किलोमीटरवरून आलेल्या ग्राहकाला बंद दार दिसले, तर तो पुन्हा येत नाही.

दुसरे ‘व्हॉट्सॲप बिझनेस’. छोट्या व्यावसायिकांसाठीचे हे विनामूल्य ॲप २०१८ च्या आरंभी आले. नेहमीच्या व्हॉट्सॲपपेक्षा यात चार सोयी अधिक आहेत, आणि त्या चारही आपल्या जुन्या दुकानदारीत होत्याच. आपली मांडणी म्हणजे येथील कॅटलॉग; त्यात वस्तूचे छायाचित्र, वर्णन आणि किंमत ठेवता येते. गादीवरचे ‘या, बसा’ म्हणजे येथील स्वागत-संदेश. दार बंद असताना लावलेली पाटी म्हणजे ‘सध्या दुकान बंद आहे, सकाळी उत्तर देऊ’ असे आपोआप जाणारे उत्तर. आणि वहीतील खाती म्हणजे येथील लेबले. आम्ही चार ग्राहक-वर्गांची चार लेबले केली. आता आचाऱ्यांसाठीचा निरोप आचाऱ्यांनाच जातो.

येथे एक भेद लक्षात घ्यावा. अनेक दुकानदार सर्व ग्राहकांना एका ग्रुपमध्ये घालतात. त्यामुळे प्रत्येकाचा क्रमांक सर्वांना दिसतो, कोणीतरी सुप्रभाताची चित्रे टाकू लागतो आणि आठवड्याभरात चांगले ग्राहक बाहेर पडतात. त्याऐवजी ब्रॉडकास्ट यादी वापरावी. तिच्यात निरोप प्रत्येकाला स्वतंत्र मिळतो आणि एकाचा क्रमांक दुसऱ्याला कळत नाही. एका यादीत २५६ पर्यंत क्रमांक ठेवता येतात. आणि ज्या ग्राहकाने आपला क्रमांक स्वतःच्या मोबाईलमध्ये जतन केला असेल, त्यालाच तो निरोप पोहोचतो. ही अट मला फार आवडते. ग्राहकाने आपल्याला आपल्या घरात जागा दिली असेल, तरच आपण बोलायचे. म्हणून बिल देताना अण्णा आता विचारतात, “दुकानाचा नंबर ठेवून घेता का? सणाला भाव कळवू. नको असेल तर तसं सांगा, राग नाही.” महिन्याला दोनपेक्षा अधिक निरोप पाठवायचे नाहीत, असा नियम आम्ही घालून घेतला.

तिसरे साधन इन्स्टाग्राम. ते पुतण्याकडेच ठेवले. मात्र त्यावर काय दाखवायचे, हे बदलले.

दाखवावे ते आपले काम

आमच्या दुकानात महिन्यातून दोनदा कल्हईवाले बसतात. वडिलांच्या काळापासूनची ही प्रथा अण्णांनी नफा नसताना चालू ठेवली होती. पुतण्याने एके दिवशी गाणे न लावता, नुसत्या भात्याच्या आवाजासह एक मिनिटाची चित्रफीत केली. तापवलेले पितळी पातेले, त्यात पडणारी नवसागराची चिमूट, उठणारा पांढरा धूर, कथलाचा स्पर्श आणि कापसाचा बोळा फिरताच काळवंडलेल्या भांड्यावर पसरत जाणारी चांदीसारखी झळाळी. खाली एवढेच लिहिले, की पितळेत आंबट पदार्थ कळकतो, तो कल्हईमुळे कळकत नाही. आणि कल्हईवाले अमुक दोन दिवशी दुकानात असतात.

ती चित्रफीत मागील सर्व चित्रफितींहून कमी लोकांनी पाहिली. पण ज्यांनी पाहिली, ते आसपासच्या गावांतले होते. पुढच्या वेळी लोक माळ्यावरची आजीची पातेली घेऊन आले. कल्हई होईतो दुकानात बसले, आणि बसलेला माणूस चार वस्तू पाहतोच.

याचा अर्थ प्रत्येकाने कल्हईच दाखवावी असा नाही. कापडाच्या व्यापाऱ्याने सुती आणि मिश्र कापड कसे ओळखावे ते सांगावे. सराफाने दागिन्यावरील सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी क्रमांक बीआयएस केअर ॲपवर कसा तपासावा, ते दाखवावे. १ एप्रिल २०२३ पासून हा क्रमांक असल्याशिवाय हॉलमार्कचा दागिना विकता येत नाही. किराणा दुकानदाराने यंदाची डाळ कोणत्या भागातून आली, ते सांगावे. आपल्या धंद्यातले जे ज्ञान आपल्याला सामान्य वाटते, ते ग्राहकाला हवे असते; आणि ते देणाऱ्यावर त्याचा विश्वास बसतो.

वर्णनाची भाषा कशी असावी, हे आम्हाला वहिनींनी शिकवले. कॅटलॉगमध्ये पुतण्याने ‘पातेले, ५ लिटर’ असे लिहिले होते. वहिनी म्हणाल्या, “बाईमाणूस लिटर विचारत नाही. किती माणसांची भाजी होते, ते लिही.” तेव्हापासून प्रत्येक वस्तूखाली माप, वजन आणि ‘आठ माणसांची भाजी’ असा उल्लेख असतो. छायाचित्र दिवसाच्या उजेडात, शेजारी एखादी नेहमीची वाटी ठेवून काढतो, म्हणजे आकाराचा अंदाज येतो. आणि किंमत लिहितोच. ‘किमतीसाठी संपर्क करा’ असे लिहिणारा दुकानदार ग्राहकाला संशयाचे कारण देतो.

ऐकण्याची परीक्षा

संवाद म्हणजे केवळ आपण बोलणे नव्हे. एके दिवशी गूगलवर दुकानाच्या नावाखाली एका ग्राहकाने एक तारा देऊन लिहिले, की येथून घेतलेल्या स्टीलच्या डब्याला महिनाभरात डाग पडले, ही फसवणूक आहे. पुतण्या अस्वस्थ झाला. त्याच्या मित्रांनी उपाय सुचवला, की दहाजणांनी पाच-पाच तारे देऊन छान छान लिहायचे, म्हणजे ती तक्रार खाली जाईल.

अण्णांनी बिलबुक मागवले. डबा २०२ प्रतीच्या स्टीलचा होता आणि भावही त्याचाच लावला होता. या प्रतीत निकेलचे प्रमाण ३०४ प्रतीपेक्षा कमी असते. ती स्वस्त असते, पण गंजाला तितकी टिकत नाही. ग्राहकाने त्यात मीठ भरले होते. भावात लबाडी नव्हती. मात्र दुकानातील मुलाने दोन प्रतींतील फरक सांगितलाच नव्हता.

मित्रांची युक्ती ऐकून अण्णा शांतपणे म्हणाले, “या दुकानाच्या वहीत आजवर खोटी ओळ लिहिली गेलेली नाही. मोबाईलही वहीच आहे ना?”

श्रावकाच्या सत्यव्रताला ज्या दोषांनी बाधा येते, त्यांत ‘कूटलेखक्रिया’ म्हणजे खोटे लेखन हा एक आहे, हे आपल्या वाचकांना सांगण्याची आवश्यकता नाही. कायद्याचे म्हणणेही वेगळे नाही. २०२० च्या ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियमांनुसार ऑनलाइन विक्रेत्याने ग्राहक असल्याचे भासवून स्वतःच्या मालाबद्दल अभिप्राय लिहिणे निषिद्ध आहे, आणि ऑनलाइन अभिप्रायांसाठी भारतीय मानक ब्यूरोने २०२२ मध्ये स्वतंत्र मानकही प्रसिद्ध केले आहे.

अण्णांनी पुतण्याकडून उत्तर लिहून घेतले: ‘आपला डबा २०२ प्रतीचा होता. मिठासाठी ही प्रत योग्य नाही, हे देताना आम्ही सांगायला हवे होते. ती चूक आमची. डबा घेऊन यावे, भावातील फरक न घेता ३०४ प्रतीचा देऊ.’ ग्राहक आले, डबा घेऊन गेले आणि आपल्या तक्रारीखाली हा प्रकार लिहिला. एका ताऱ्याचे तीन केले, पाच नव्हे. ती तक्रार आजही तेथे आहे, आणि काही नवे ग्राहक ‘आम्ही ते उत्तर वाचून आलो’ असे सांगतात. आता कॅटलॉगमध्ये प्रत्येक स्टीलच्या वस्तूपुढे तिची प्रत लिहिलेली असते.

तक्रारीला उत्तर देण्याची एक पद्धत आम्ही यातून ठरवली. उत्तर त्याच दिवशी द्यायचे, पण रागाच्या भरात नाही. आधी बिल पाहायचे. चूक असेल तर ती स्पष्ट शब्दांत मान्य करायची, नसेल तर वस्तुस्थिती एकदाच सौम्यपणे मांडायची. पुढचे बोलणे फोनवर किंवा समोरासमोर. चारचौघांत वाद घालायचा नाही.

माझी चूक

दिवाळीपूर्वी पितळी समईचा निरोप मी स्वतः टंकलिखित केला. किंमत २,४५० रुपये होती. मी १,४५० लिहिले. निरोप तीन याद्यांना गेला. सायंकाळी ध्यानात आले, तोवर नऊजणांनी मागणी नोंदवली होती. ‘टंकनदोष झाला, क्षमस्व’ असे कळवावे, असे मी सुचवले. अण्णांनी मान हलवली. दुरुस्तीचा निरोप लगेच पाठवला, परंतु त्यात लिहिले, की आज सायंकाळपर्यंत ज्यांनी मागणी नोंदवली, त्यांना कळवलेल्या भावानेच समई मिळेल. नऊ समया, नऊ हजार रुपये. मी ती रक्कम देऊ केली, तेव्हा अण्णा म्हणाले, “भाव दुकानाच्या नावाने गेला, तुझ्या नावाने नाही.” आणि ती रक्कम त्यांनी वहीत जाहिरात खर्चाखाली लिहिली.

बँकेत एकाने नोंद करायची आणि दुसऱ्याने तपासायची, अशी ‘मेकर-चेकर’ पद्धत असते. ती मी आयुष्यभर इतरांवर लादली आणि घरी विसरलो. आता किंमत असलेला कोणताही निरोप दोघांनी वाचल्याशिवाय जात नाही. छापील जाहिरात चुकली तर रद्दीत जाते. मोबाईलवरची चूक मात्र लोकांच्या हाती कायम राहते.

याच संदर्भात कायद्याची जाणीव असावी. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ हा जुलै २०२० पासून अमलात आहे. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीबद्दल त्यात दहा लाख रुपयांपर्यंत, आणि गुन्हा पुन्हा घडल्यास पन्नास लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. जून २०२२ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी आमिष दाखवणाऱ्या जाहिरातींवरही बंधने घातली. लोकांना दुकानात आणण्यापुरती एखादी वस्तू अतिस्वस्त जाहीर करायची आणि ती पुरेशी ठेवायचीच नाही, हा प्रकार आता केवळ अनुचित नाही, बेकायदाही आहे. ‘पन्नास टक्के सूट’ असे लिहिण्यापूर्वी मूळ भाव खरा आहे ना, हे स्वतःला विचारावे.

किल्ल्या कोणाकडे?

बँकेच्या तिजोरीला दोन किल्ल्या असतात आणि त्या दोन व्यक्तींकडे असतात. दुकानाच्या समाजमाध्यमांच्या खात्यांनाही हेच तत्त्व लावावे. मी पाहिलेल्या एका दुकानात सर्व खाती नोकरीवर ठेवलेल्या मुलाच्या वैयक्तिक क्रमांकावर होती. तो नोकरी सोडून गेला आणि दहा वर्षांचे ग्राहक त्याच्या खिशात गेले. म्हणून दुकानाचा क्रमांक आणि ई-मेल मालकाच्या नावे असावा, पासवर्ड घरातील दोघांना ठाऊक असावा, व्हॉट्सॲपची द्विस्तरीय पडताळणी चालू असावी, आणि मोबाईलवर आलेला ओटीपी कोणालाही सांगू नये.

पैशांच्या व्यवहारात एक गोष्ट गादीवर बसणाऱ्या प्रत्येकाला पाठ असावी: यूपीआयने पैसे घेण्यासाठी पिन लागत नाही. पिन मागितला, की पैसे जात आहेत असे समजावे. ‘मोठी ऑर्डर आहे, आगाऊ पैसे पाठवतो, हा कोड स्कॅन करा’ असे सांगणारा अनोळखी मनुष्य ग्राहक नसतो. ग्राहकाने दाखवलेल्या पडद्यावर नव्हे, आपल्या खात्यातील जमा पाहूनच माल द्यावा. फसवणूक झालीच तर वेळ न दवडता १९३० या क्रमांकावर कळवावे.

ग्राहकाची माहिती ही ठेव आहे. कोणाच्या घरी लग्न आहे, कोणी उधारीवर काय नेले, हे यादीत लिहिताना ती यादी दुसऱ्या व्यापाऱ्याला देणे किंवा ग्राहकाचे छायाचित्र न विचारता प्रसिद्ध करणे हा विश्वासघात होय. २०२३ मध्ये संसदेने डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा संमत केला. ज्या कामासाठी माहिती घेतली, त्याच कामासाठी आणि संमतीनेच ती वापरावी, हा त्याचा गाभा आहे. आमचे बँकेतील पहिले व्रतही हेच होते.

शेवटी हिशेब

जाहिरातीचा उपयोग झाला की नाही, हे पाहणाऱ्यांच्या संख्येवरून ठरवू नये. आम्ही बिलबुकाशेजारी एक साधी वही ठेवली. नव्या ग्राहकाला विचारायचे, ‘आमचे नाव कोठून कळले?’ आणि नकाशा, व्हॉट्सॲप, इन्स्टाग्राम, ओळखीचे किंवा पाटी, यांपैकी एका रकान्यात खूण करायची. महिनाअखेरीस खर्च आणि त्यातून आलेला ढोबळ नफा समोरासमोर मांडायचा. विक्री नव्हे, नफा. कारण हजार रुपयांच्या विक्रीसाठी दोनशे रुपयांची जाहिरात केली आणि नफाच दीडशे असला, तर आपण लोकांना भांडी वाटत आहोत. ही वही ठेवल्यावर पैसे भरून दिलेली जाहिरात आम्ही केवळ लग्नसराईपूर्वी आणि दिवाळीपूर्वी, तीस किलोमीटरच्या परिसरापुरती ठेवली.

वेळेचाही हिशेब असावा. सकाळी दुकान उघडल्यावर अर्धा तास आणि दुपारी अर्धा तास निरोपांना उत्तरे द्यायची. समोर ग्राहक उभा असताना मोबाईल पाहायचा नाही. ज्याने पायरी चढण्याचे कष्ट घेतले, त्याचा मान पहिला.

या साऱ्याने आमचे दुकान मोठे झाले, असे मी म्हणणार नाही. ऑनलाइन गेलेले काही ग्राहक परतले नाहीत आणि परतणारही नाहीत. परंतु कॅश क्रेडिटचे खाते पुन्हा मर्यादेच्या आत श्वास घेऊ लागले आहे, पडून राहिलेल्या मालाचा निम्मा भाग निघाला आहे आणि गाळा भाड्याने देण्याची गोष्ट घरात पुन्हा निघालेली नाही. अण्णांना मोबाईलवर लिहिता येत नाही. ते दुपारी गादीवर बसून सांगतात आणि पुतण्या लिहितो. स्वागत-संदेशाचे शब्द त्यांचेच आहेत: ‘जय जिनेंद्र. या, बसा. काय दाखवू?’

ज्या घरांत हा वाद अजून चालू आहे, त्यांना माझी नम्र सूचना एवढीच आहे, की येत्या रविवारी मुलाने मोबाईल बाजूला ठेवावा, वडिलांनी जुनी वही उघडावी आणि पहिल्या पानावरच्या पहिल्या ग्राहकापासून बोलायला आरंभ करावा. पुढची साधने शिकायला फार दिवस लागत नाहीत.